फोटिनिया लाल होत नाही? कात्री कधी चालवली ते आधी आठवा

‘फोटिनिया हिरवाच राहिला’ अशी तक्रार आली की मी उलट विचारते, शेवटची छाटणी कधी केली होती? कुंपणासाठी लावतात त्या या सदाहरित झुडपाचा लाल रंग मुक्कामाला येत नाही. कोवळ्या पानात अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरपूर असतं म्हणून ते लाल दिसतं. पान जून झालं की तांबूस होत होत हिरवं होतं. लाल हवं असेल तर नवी पालवी फुटायला हवी, आणि त्यासाठी शेंडे खुडावे लागतात.

नेमकी इथेच गडबड होते. थंडीच्या तोंडावर छाटलं की लाल कोंब हौसेनं फुटतात आणि पहिल्या कडाक्यात काळे पडतात. वसंतातली लाली ओसरली की शेंडे कापा, उन्हाळ्यात आणखी एकदा, आणि थंडीला दोनेक महिने उरले की कात्री ठेवून द्या. पांढऱ्या फुलांचे घोस हवे असतील तर मात्र फुलोरा संपेपर्यंत थांबा. विजेच्या कात्रीनं सरसकट भादरू नका. पानं मोठी असतात, अर्धवट कापली जातात आणि कडा तपकिरी होऊन कुंपण कळकट दिसतं.

दाट सावलीत लावलं तर रंग फिका येतो. त्यावर खताचा उपाय नाही.

खरी डोकेदुखी ठिपक्यांची. गडद जांभळ्या कडेचे, मध्ये राखाडी पडलेले ठिपके दिसले तर ती एंटोमोस्पोरियम बुरशी. तिला कोवळं पान सर्वांत प्रिय, म्हणजे ज्या पालवीसाठी आपण धडपडतो तीच! अमेरिकेच्या दक्षिण भागात एकेकाळी जिकडेतिकडे फोटिनियाचीच कुंपणं होती. या बुरशीनं त्यांतली कित्येक उजाड केली. दमट, पावसाळी दिवसांत छाटणी नको. नळीनं वरून आंघोळ घालू नका, पाणी बुंध्याशी द्या. गळलेली पानं झाडाखाली कुजत ठेवू नका, कारण बुरशी तिथेच टिकून राहते आणि पाण्याच्या थेंबांबरोबर वर उडते. फांद्या आतून थोड्या विरळ केल्या की हवा खेळते. नत्राचं खत ओतलं तर पालवी लुसलुशीत येते आणि बुरशीचं फावतं. औषधाची फवारणी करायचीच तर नवी पानं उलगडतानाच. पडलेले ठिपके फवाऱ्यानं पुसले जात नाहीत.

प्रत्येक ठिपका रोगाचा नसतो, हेही सांगते. कडक थंडी किंवा मुळाशी तुंबलेलं पाणी यांनीही जून पानांवर जांभळे डाग येतात. अशा वेळी फवारणीपेक्षा निचरा तपासा, विशेषतः चिकणमातीत.

आणि वसंतात काही जुनी पानं लालभडक होऊन गळू लागली तर घाबरू नका. सदाहरित झाडही पानं टाकतंच, फक्त सगळी एकदम टाकत नाही. शेंड्याला नवे कोंब दिसत असतील तर झाड ठणठणीत आहे.