बिबट्याने जनावर मारलं? वनखात्याची भरपाई मिळवताना

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात गोठ्यावर बिबट्या येणं नवं नाही. तरी भरपाईचे अर्ज अडतात, ते बहुतेक पहिल्या दिवसाच्या घाईमुळे.

मेलेलं जनावर जागचं हलवू नका. पंचनामा होईपर्यंत ते तिथंच राहायला हवं. वास येतो, कुत्री जमतात, म्हणून लोक पुरून टाकतात आणि पुरावाच संपतो. वर काटेरी फांद्या टाका, कुत्री हाकला. गळ्यावरचे दातांचे व्रण, फरपटल्याची खूण, पायाचे ठसे यांचे फोटो काढा. ठशाशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवली की आकार कळतो. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. बिबट्या सहसा गळा धरतो. मागच्या मांड्या फाडलेल्या, अंगभर चावे असले तर कुत्र्यांचा संशय येतो, आणि भटक्या कुत्र्यांनी मारलेल्याला या योजनेत पैसे नाहीत.

खबर 48 तासांच्या आत तुमच्या बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) वनरक्षकाला द्या. तो सापडत नसेल तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. नुसत्या फोनवर मात्र विसंबू नका: वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, पुढे तारखेचा वाद झाला तर तीच उपयोगी पडते. पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक अर्जात लिहा, सोबत आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडा. पासबुकावरचं नाव अर्जदाराचंच हवं. म्हैस वडिलांची आणि खातं मुलाचं, इथे बरीच प्रकरणं लटकतात.

रक्कम बाजारभावाच्या 75 टक्के, पण 2022 मध्ये ठरल्याप्रमाणे गाय, म्हैस, बैलासाठी जास्तीत जास्त 70,000 आणि शेळी-मेंढीसाठी 15,000 रुपये. म्हणजे लाखाच्या म्हशीचे 75,000 नव्हे, 70,000 मिळतात. 12,000 च्या शेळीचे 9,000. म्हणून बाजारभाव कमी लिहिला जात नाही ना, हे पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून पाहा.

रागाच्या भरात शवावर विष टाकलं तर भरपाई जातेच, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

त्या रात्री बिबट्या उरलेलं खायला परतू शकतो. उरलेल्या शेळ्या बंद गोठ्यात घ्या. चारही बाजूंनी जाळी असून वरून उघडा असलेला गोठा त्याला अडवत नाही.