जुनं शिलाई मशीन घेताय? आधी चाक फिरवून बघा

माझ्या हातात आलेलं पहिलं जुनं मशीन मीच बिघडवलं. तिथूनच सुरुवात करते.

आजेसासूबाईंचं सिंगरचं पायमशीन साताऱ्याच्या घरात जिन्याखाली पोती टाकून झाकलेलं होतं. काळंभोर अंग, त्यावर चुलीच्या धुराचं कीट आणि कीटाखालून कुठेकुठे डोकावणारी सोनेरी नक्षी. मी उत्साहाने फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि पुसायला बसले. दोन मिनिटांत फडकं तपकिरी झालं. मला वाटलं, काय मळ निघतोय! मग त्या तपकिरीत सोनेरी कण चमकायला लागले. थांबून बघितलं तर मशीनच्या पाठीवर स्फिंक्सचं, म्हणजे माणसाचं डोकं असलेल्या सिंहाचं, चित्र होतं आणि त्याचं डोकं माझ्या फडक्यावर आलं होतं.

जुन्या सिंगरच्या काळ्या रंगावर नक्षीचे छाप असतात आणि त्या छापांवर लाखेचा पातळ हात दिलेला असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी मळ म्हणून पुसत होते ते छापांचं पांघरूणच होतं. ते मशीन आज उत्तम शिवतं, पण स्फिंक्स बिनडोक्याचाच आहे.

त्याला आता सात वर्षं झाली. बँकेची नोकरी सांभाळून एकोणीस मशीनं उभी केली. नव्याने या नादाला लागणारे बरेच जण पहिला प्रश्न विचारतात, "चकाचक कसं करायचं?" माझं म्हणणं असं, की चकाचक करण्याचा विचार निदान पहिला महिनाभर बाजूला ठेवा. माझ्याकडे आलेल्या मशीनांत गंजाने गेलेली दोनच होती. बाकीच्यांचं जे नुकसान झालं ते कुणीतरी हातोडी, पॉलिश पेपर नाहीतर ऑइलपेंटचा डबा घेऊन बसल्यामुळे.

शोधायचं कुठे, तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे अधूनमधून मिळतं. मुंबईच्या चोर बाजारात हमखास मिळतं, पण तिथे शोभेच्या वस्तूचा भाव लावतात. मला सगळ्यात चांगली मशीनं तालुक्याच्या गावच्या टेलरांकडे मिळाली. मोटरचं मशीन आलं की जुनं मागच्या खोलीत जातं, पण टेलर ते मोडीत घालत नाही, कारण वडिलांनी हप्त्याने घेतलेलं असतं. अशा माणसाशी भावावरून घासाघीस करत बसू नका. मशीन कोण चालवायचं, काय काय शिवलं, ते विचारा. एका काकांनी मला मशीन दिलंच, वर जुन्या डब्यातून दोन बॉबिन केस (खालच्या दोऱ्याचं रीळ, म्हणजे बॉबिन, ज्यात बसते ती डबी) आणि कापड दाबून धरणारा लोखंडी पाय काढून दिला. आज तो पाय शोधायला गेले असते तर चार चकरा झाल्या असत्या.

वाडे उतरवताना भंगारवाल्याकडेही मशीनं येतात. तिथे मात्र लगेच पोचावं लागतं. हल्ली हॉटेलवाले बिडाचे स्टँड टेबलासाठी उचलतात, वर काच टाकली की झालं. वरचं डोकं, म्हणजे खुद्द मशीन, वजनावर जातं. चांगल्या चालत्या मशीनचं डोकं भंगाराच्या ढिगात उलटं पडलेलं बघितलं की मला अजूनही राग येतो.

आणि एक. कुणी "यात लाल पारा आहे, लाखांत जातं" असं सांगितलं तर हसून पुढे चला, हा मौल्यवान पदार्थ फक्त अफवांतच असतो. २००९ साली सौदी अरेबियात ही अफवा अशी पसरली की जुन्या सिंगरचे भाव आभाळाला भिडले होते. सुईजवळ मोबाईल धरला आणि रेंज गेली की पारा आहे, अशी तिची परीक्षा! मला एका गावात खरोखर अशी परीक्षा करून दाखवली. रेंज गेली, पण त्या घरात रेंज मुळातच नव्हती.

घेताना काय बघायचं? हातचाक आपल्याकडे फिरवा. थोडं जरी हललं तरी अर्धी लढाई जिंकलीत. अजिबात हललं नाही तरी घाबरू नका, त्याचं पुढे सांगते. भिंग घेऊन बिडाला कुठे तडा आहे का ते बघा. मग सुटे भाग मोजा. होडीसारखं लांबट शटल (खालचा दोरा पुढेमागे नेणारा भाग) असलेलं मशीन असेल (सिंगरची २७, १२७ नंबरची मॉडेलं वगैरे) तर शटल आणि त्याची लांब बॉबिन आहे का, आणि वरच्या दोन्ही सरकत्या पट्ट्या जागेवर आहेत का, ते बघा. या पट्ट्या हरवलेल्याच असतात. गोल बॉबिनचं, म्हणजे सिंगरच्या १५ नंबरच्या घराण्यातलं मशीन असेल तर चिंता कमी. आपल्याकडच्या उषाच्या साध्या काळ्या मशीनचा आराखडा त्याच घराण्यातला, त्यामुळे बॉबिन, केस, सुया कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. नवशिक्याने पहिलं मशीन हेच घ्यावं. दिसायला साधं असतं, पण शिकवतं खूप.

सुईची खात्री मात्र घेण्याआधी करा. दुकानात मिळणारी एका बाजूने चपटी घरगुती सुई २७ लाही चालते आणि १५ लाही. पण सिंगरचं फार जुनं, १२ नंबरचं मशीन हाती लागलं तर त्याची सुई वेगळी, आणि ती सहजासहजी मिळत नाही.

मशीन किती जुनं ते त्याच्या सिरियल नंबरावरून कळतं. तो बुडाशी पितळी चकतीवर नाहीतर थेट बिडावर कोरलेला असतो. सिंगरच्या या नंबराआधी इंग्रजी अक्षर नसेल तर मशीन १९०० च्या आधीचं. अक्षर 'वाय' असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, साधारण १९२१ ते १९३५ मधलं. हा कारखाना १८८५ ला सुरू झाला, १९८० ला बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर' आहे. आमच्या स्फिंक्सवाल्याचा नंबर 'वाय'चाच निघाला.

आता अडकलेलं मशीन. माझ्या दुसऱ्या मशीनचं चाक तसूभर हलेना. मी पाना लावून जोर काढणार, एवढ्यात शेजारच्या आळीतले मिस्त्रीकाका आले. चाळीस वर्षं सायकलवर पेटी बांधून गावोगाव मशीनं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी पाना हातातून काढून घेतला, प्रत्येक भोकात आणि जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे मशीनचं तेल सोडलं आणि म्हणाले, "ताई, आता आत जाऊन चहा टाका. मशीनकडे उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी हललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकांनी वास घेतला आणि म्हणाले, "खोबरेल घातलंय कुणीतरी." हे आपल्याकडे सर्रास होतं. घरात मशीनचं तेल नसतं, डोक्याचं तेल असतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, धूळ धरतं, आणि वर्षानुवर्षं साचून चिकट राब होतो. मग हेअर ड्रायरने अंग कोमट केलं, सांध्यांत थेंब थेंब डिझेल सोडलं (पूर्वी रॉकेल वापरायचे, आता ते मिळतंय कुठे!) आणि चाक पुढेमागे केसभर, केसभर करत राहिलो. हे काम अंगणात करा, गॅसपासून लांब, आणि डिझेल घातल्यावर ड्रायर पुन्हा लावू नका. नक्षीवर डिझेलचा ओघळ येऊ देऊ नका. पाचव्या दिवशी संध्याकाळी चाक अर्धा फेरा फिरलं आणि आतून तांबूस चिखल बाहेर आला. तो पुसून पुन्हा तेल, पुन्हा फिरवणं. आठवडा गेला, पण एकही स्क्रू मोडला नाही. सिंगरच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. पुण्याची हार्डवेअरची बोहरी आळी पालथी घालून हे ज्ञान मला मिळालंय.

कधीकधी मशीन गंजलेलं नसतंच. शटल काढून त्यामागे बघा. एका मशीनमध्ये माझ्या बोटाच्या पेराएवढा काळा दोरा शटलच्या गाळ्यात दबून बसला होता. चिमट्याने ओढला आणि चाक भिंगरीसारखं फिरलं. मालकिणीने तेवढ्यासाठी मशीन अकरा वर्षं बंद ठेवलं होतं.

हातचाकाच्या मधली मूठ उघडली की आत एक वायसर मिळतो, त्याला बाहेरच्या बाजूला तीन कान आणि आत दोन वाकवलेल्या जिभा. काढताना त्याचा फोटो काढून ठेवा. परत बसवल्यावर मूठ ढिली करूनही सुई चालतच राहिली, म्हणजे बॉबिन भरताना मशीन सुटं होईना, तर वायसर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. या एका वायसरने माझा एक अख्खा रविवार खाल्लाय.

आणि हात जोडून सांगते, डोकं मागे कलंडवण्याआधी बिजागरीच्या दोन खुंट्यांचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा. मी बघितले नव्हते. बारा-तेरा किलोचं डोकं खुंट्यांवरून निसटून फरशीवर आलं. पाय थोडक्यात वाचला, फरशी फुटली, आणि बॉबिन गुंडाळायच्या चाकाचा दांडा वाकला तो वाकलाच.

लाकडाकडे लोक उशिरा वळतात, पण मला त्यातच जास्त मजा येते. आपल्याकडची बरीचशी टेबलं इथल्याच सुतारांनी केलेली सागवानी आहेत, ती धुऊन-पुसून, हलका पॉलिश पेपर मारून चपड्याचं पॉलिश दिलं की उभी राहतात. बाहेरून आलेल्या कपाटांना विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असतं. त्याच्या कडा पावसाळ्यात उचलतात. जुनं काम सरसाचं असेल तर फेविकॉल ओतायची घाई नको. ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री टेकवा, सरस पुन्हा मऊ होतो, मग वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवून रात्रभर सोडा. दबलेला कोपरा सकाळी बोटाने वाजवून बघा. पोकळ वाजला तर पुन्हा तेच.

ड्रॉवर जुलैत अडकतात म्हणून जुलैत रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं, डिसेंबरात तोच ड्रॉवर खुळखुळतो. कडांना मेणबत्ती घासा, तेवढं पुरतं. ड्रॉवर उलटे करून झटकण्याआधी आत हात घालून बघा. मला हुकांचं न उघडलेलं पाकीट मिळालंय, आणि एकदा पोस्टकार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं परकर-पोलक्याचं माप.

बिडाच्या स्टँडवर हातोडी चालवायची नाही. बीड वाकत नाही, तुटतं, आणि वेल्डिंगवाला ते जोडायला नाखूश असतो. तारेचा ब्रश, तेल, आणि गरज असेल तरच काळ्या रंगाचा एक पातळ हात. चामडी पट्टा नवा आणाल तेव्हा मापापेक्षा इंचभर आखूड कापा, तो ताणतो. भोक चांभाराच्या आरीने पाडून घ्या.

यावर पोट भरतं का, हेही विचारतात. एका मशीनला माझे महिन्याभराचे शनिवार-रविवार जातात, विकून सुट्या भागांचे पैसे निघतात आणि वर थोडं राहतं. पोटापाण्याचंच बघायचं असेल तर चालू मशीनांची दुरुस्ती शिका, मिस्त्रीकाकांसारखे लोक कमी होत चाललेत आणि त्यांच्याकडे काम पडून असतं.

सगळं जागेवर बसलं की लगेच दोरा ओवू नका. नवी सोळा नंबरची सुई लावा, तिची लांब खाच दोरा ज्या बाजूने येतो तिकडे हवी. मग जुन्या धोतराच्या दोन पदरांवर दोऱ्याशिवाय वीतभर चालवा. पायाची लय बसेपर्यंत चाक उलटं फिरेलच, दोरा नसल्यावर तुटायला काही नसतं. भोकं एका रेषेत पडायला लागली की दोरा ओवा आणि शिवणीच्या कडेला तेलाचा डाग येतोय का बघा. आठवडाभर येतो. तोवर फक्त पायपुसणी शिवा.