जोडीतला दुसरा सेट: वॉकी-टॉकी घेण्याआधीची तयारी

सेट शोधायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर माणसांची नावं लिहा. कोण कोणाशी बोलणार आहे, त्यांच्यात जास्तीत जास्त अंतर किती पडेल आणि मधे काय असेल, झाडी, भिंती, टेकडी की मोकळं रान, एवढंच. हे मी सगळ्यात आधी लिहायला लावते, कारण वॉकी-टॉकी ही एकट्याने घेण्याची वस्तू नाही. तुम्ही कितीही अभ्यास करून सेट आणला, तरी त्याचा जोडीदार ज्याच्या हातात जाणार आहे त्याला तो जमला पाहिजे. नावांच्या यादीत ज्याला यंत्रांची सगळ्यात कमी सवय आहे त्याच्या नावाखाली रेघ मारा. निवड त्याच्यासाठी करायची आहे.

मला हे एका धुक्यातल्या उतरणीवर कळलं. आम्ही पाच जण होतो आणि आमच्याकडे दोन सेट होते. एक पुढे माझ्याकडे, एक सगळ्यात मागे काकांकडे. मधेच काकांचा आवाज यायचा बंद झाला. मी हाका मारत राहिले, बॅटरी बघितली, उंचवट्यावर चढून प्रयत्न केला. पाऊण तासाने ते भेटले तेव्हा कळलं, की खिशात बटण दाबलं जाऊन त्यांचा चॅनेल बदलला होता. दोन्ही सेट ठणठणीत होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, अंतर अर्धा किलोमीटरही नव्हतं. काकांना मात्र छोट्या पडद्यावरचा बारीक आकडा चष्म्याशिवाय दिसत नव्हता आणि चॅनेल परत कसा लावायचा ते मी त्यांना दाखवलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या यादीत बटणं लॉक होण्याची सोय सगळ्यात वर असते. ती नसेल तर तो सेट कितीही स्वस्त असो, मी घेत नाही.

पैसे काढण्याआधीचं पुढचं काम म्हणजे कायदा बघणं. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर परवान्याशिवाय बोलता येतं हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि ते सगळीकडे सारखं नाही. युरोपात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी आहे, ताकद जास्तीत जास्त अर्धा वॉट आणि अँटेना सेटला पक्की जोडलेली. भारतातही २०१८ च्या नियमांनी हाच पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवानामुक्त केला. अमेरिकेत ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास २२ चॅनेल आहेत, त्यातल्या काहींवर २ वॉटपर्यंत मुभा आहे आणि काहींवर अर्धाच वॉट. ऑस्ट्रेलियात ४७६ आणि ४७७ मेगाहर्ट्झवर ८० चॅनेल आणि ५ वॉट. जपानमध्ये ४२२ मेगाहर्ट्झजवळचे बिनपरवान्याचे छोटे सेट फक्त १० मिलिवॉटचे. म्हणजे एका देशात निर्धास्त वापरायचा सेट दुसऱ्या देशात नेला तर तो तिथल्या पोलिसांच्या किंवा आणीबाणी सेवांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत असू शकतो. परदेशातून कोणी प्रेमाने जोडी आणून दिली, तरी आधी तिची फ्रिक्वेन्सी तपासा.

इथेच स्वस्त सेटचा मोठा सापळा आहे. कमी पैशात मिळणारे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारे, चार-पाच वॉटचे सेट हौशी रेडिओवाल्यांमध्ये फार लोकप्रिय आहेत. परीक्षा देऊन हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना घेतलेल्या माणसाच्या हातात ते उपयोगी यंत्र आहे. पण परवाना नसेल तर ते तुमच्यासाठी नाहीत. त्यात परवानामुक्त फ्रिक्वेन्सी भरली तरी ताकद मर्यादेबाहेर जाते, अँटेना निघणारी असते आणि सेटला त्या वापराची मान्यता नसते. विक्रीच्या पानावर ‘परवाना लागत नाही’ असं लिहिलेलं असणं पुरेसं नाही. नेमकी फ्रिक्वेन्सी, वॉट आणि मान्यतेचा क्रमांक हे तीन तपशील मागा. विक्रेता ते देत नसेल तर पुढच्या सेटकडे वळा. आणि बोलण्याच्या या जगात मन रमलं तर हॅमची परीक्षा जरूर द्या, ती अभ्यास करून पास होण्यासारखी असते आणि मग कितीतरी दारं उघडतात.

आणखी एका प्रकारापासून जपून राहा. ‘अमर्याद रेंज’ असं सांगून विकले जाणारे काही सेट खरं म्हणजे मोबाइलचं सिमकार्ड घालून चालतात. दिसायला वॉकी-टॉकी, पण आवाज जातो तो मोबाइलच्या टॉवरवरून. शहरात वापरायला ते ठीक आहेत. जिथे मोबाइलला नेटवर्क नाही म्हणून तुम्ही वॉकी-टॉकी घेताय, तिथे ते मुके होतात.

आता रेंज. खोक्यावर छापलेले किलोमीटर बाजूला ठेवा आणि कागदावरच्या अंतराकडे या. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे जमिनीची गोलाई हीच पहिली भिंत. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दीड मीटर उंचीवर सेट धरलेल्या माणसाचं क्षितिज ५ किलोमीटरच्या आसपास येतं, दोघांचं मिळून १०. हेही मधे एक झाड, एक घर नसलेल्या सपाट जमिनीवर. तोच माणूस ४०० मीटर उंच कड्यावर उभा राहिला तर क्षितिज ८० किलोमीटरच्या पुढे जातं. छापलेले मोठे आकडे अशाच जागांवरून आलेले असतात. वस्तीत, इमारतींमध्ये किंवा दाट झाडीत छोटा सेट एखादा किलोमीटर गेला तरी त्याने काम चोख केलं असं मी मानते.

वॉट वाढवून हे फारसं बदलत नाही, आणि लोक नेमके इथे पैसे घालवतात. अर्ध्या वॉटचा सेट सोडून ५ वॉटचा घेतला, म्हणजे ताकद दहापट झाली, तरी मोकळ्या आकाशात अंतर तिप्पटच वाढतं. जमिनीलगत, अडथळ्यांमधून बोलताना ते पावणेदोनपटीच्या आसपास राहतं. मधे टेकडी असेल तर तीही वाढ हाती लागत नाही. उलट बॅटरी भराभर उतरते. त्याच पैशात दोन जादा बॅटऱ्या येतात. आवाज पोचत नसेल तर दहा पावलं चढून वर जाणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

अँटेनाबद्दल एवढं कळलं तरी पुरे: ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर असते आणि तिच्या पावपट, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या जवळपास लांब अँटेना चांगलं काम करते. बोटाएवढी अँटेना गुंडाळी करून बसवलेली असते, ती सोयीची पण थोडी कमजोर. दोन सेट बाकी सारखे असतील तर लांब अँटेनावाला घ्या. पक्की जोडलेली अँटेना कापून दुसरी लावायच्या फंदात पडू नका. आणि सेट नेहमी उभा, चेहऱ्यासमोर धरा. कमरेला लटकवून बोललं की अर्धा सिग्नल तुमचं शरीरच खातं.

‘प्रायव्हसी कोड’ या शब्दावर थांबा, कारण यावर फार लोक फसतात. हा कोड म्हणजे तुमच्या बोलण्याबरोबर जाणारा एक खालच्या पट्टीतला सूर, ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा. समोरच्या सेटला तो सूर ऐकू आला तरच त्याचा स्पीकर उघडतो. म्हणजे तुम्हाला इतरांची बडबड ऐकू येत नाही. पण कोड न लावलेल्या कुठल्याही सेटवर त्याच चॅनेलला तुमचं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. घराचा पत्ता, मुलं कुठे एकटी आहेत, गाडीची चावी कुठे ठेवली, असं काहीही वॉकी-टॉकीवर बोलायचं नाही हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. कोडचा दुसरा तोटा धुक्यातल्या प्रसंगासारखाच आहे. एका सेटचा कोड बदलला गेला तर तो दुसऱ्याचं ऐकतच नाही आणि बिघाड झाल्यासारखं वाटतं. नवख्या जोडीने सुरुवातीला कोड बंदच ठेवावा. गर्दीच्या ठिकाणी फार त्रास झाला तरच लावावा.

बॅटरीवर मात्र वेळ द्या. जाहिरातीतले तास बहुधा ५-५-९० या हिशोबाने काढलेले असतात, म्हणजे ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं, उरलेला वेळ नुसतं चालू ठेवणं. समजा १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि सेट बोलताना दीड अँपिअर, ऐकताना २०० आणि नुसता चालू असताना ५० मिलिअँपिअर घेतो. सरासरी १३० पडते आणि साडेअकरा तास मिळतात. पण गप्पा रंगल्या आणि बोलणं २० टक्क्यांवर गेलं की सरासरी साडेतीनशेच्या आसपास जाते आणि चार-साडेचार तासांत सेट गप्प. तुमचा दिवस बारा तासांचा असेल तर प्रत्येक सेटला एक जादा बॅटरी धरूनच हिशोब करा. बॅटरी बाहेर काढता येते का, तीच बॅटरी सुटी मिळते का, हे विकत घेण्याआधी बघा. काही सेट साध्या पेन्सिल सेलवर चालतात. लांबच्या प्रवासात, जिथे वीज नाही तिथे, मला ते फार भरवशाचे वाटतात. चार्जर साध्या मोबाइलच्या यूएसबी केबलवर चालणारा असेल तर पॉवर बँकवरही काम भागतं. खास वेगळ्या पिनचा चार्जर हरवला तर सगळाच खेळ खलास.

पाण्याचं म्हणाल तर आयपी५४ लिहिलेला सेट शिंतोडे सोसतो. आयपी६७ वाला मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पावसात किंवा नदीकाठी जाणार असाल तर दुसरा घ्या, एरवी पहिला चालतो.

बाकीच्या सोयी पटकन उरकते. विजेरी, एफएम, बोलून झाल्यावर वाजणारी टिकटिक यांच्यासाठी जादा पैसे देऊ नका. बटण न दाबता आवाजावर चालू होण्याची सोय वाऱ्यात आणि गाडीत उगाच चालू होते, ती बंद ठेवा. डिजिटल सेटही सुरुवातीला नकोत, त्यांची सांगड दुसऱ्या प्रकारच्या सेटशी बसत नाही. साधा अ‍ॅनालॉग सेट त्याच पट्ट्यातल्या जवळपास कोणत्याही दुसऱ्या अ‍ॅनालॉग सेटशी बोलतो. इअरफोन मात्र घ्या, आणि सेटच्या पिनशी जुळतो का ते बघूनच घ्या. स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून बघा, वाहत्या रस्त्याकडेला ऐकू आला पाहिजे.

दोन्ही सेट एकाच मॉडेलचे असू द्या. बॅटऱ्या अदलाबदल करता येतात, आणि एकाला शिकवलं की दुसऱ्यालाही तेच शिकवायचं असतं.

सेट घरी आले की दोन्ही पूर्ण चार्ज करा, एकच चॅनेल लावा आणि बटणं लॉक करा. मग ज्या नावाखाली रेघ मारली होती त्या माणसाला बोलवा आणि सेट त्याच्या हातात द्या. त्याला चष्मा काढून आकडा वाचू द्या. थंडीत जाणार असाल तर हातमोजे घालून बटण दाबू द्या. लॉक काढणं, चॅनेल बदलणं, परत ठरलेल्या चॅनेलवर येणं हे त्याने तुमच्या मदतीशिवाय तीन वेळा केलं पाहिजे. जमलं नाही तर सेट परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करा, मनाला लावून घेऊ नका. बोलण्याची सवयही याच वेळी होते: बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. घाईत बोललं की पहिला शब्द कापला जातो आणि ‘नको’ गळून नुसतं ‘येऊ’ ऐकू जातं. तोंडापासून चार बोटं अंतर, आवाज नेहमीचा, वाक्य छोटं, शेवटी ‘ओव्हर’.

नंतर चालून बघा. एकाने एका जागी उभं राहायचं, दुसऱ्याने चालत जाऊन दर दोनशे पावलांवर विचारायचं, ‘कसं ऐकू येतंय?’ कुठे खरखर सुरू झाली, कुठे तुटलं, कोणत्या वळणामागे आवाज गेला आणि कुठे परत आला हे त्याच कागदावर लिहा. शक्य असेल तर जिथे वापरायचा आहे तिथेच ही चाचणी करा. कागदावरचं अंतर आणि हे अंतर जुळत नसेल तर दुसरा सेट शोधण्याआधी दुसरी उभं राहायची जागा शोधा.

निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक सेटच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत चॅनेलचा आकडा लिहा, कोड बंद असेल तर ‘कोड बंद’ असंही लिहा. आवाज तुटला तर काय करायचं तेही ठरवा. आमच्याकडे असं ठरलंय: संपर्क गेला तर सगळ्यांनी आधी पाठीवरचा आकडा बघून चॅनेल जुळवायचा, मग जवळच्या उंच जागी थांबायचं, आणि दर तासाची पहिली पाच मिनिटं सेट चालू ठेवून ऐकायचं, मधल्या वेळात बंद, म्हणजे बॅटरी टिकते. थंडीत जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. परत आल्यावर बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून कपाटात टाकू नका, निम्म्या भरलेल्या ठेवा आणि सेटपासून वेगळ्या करा. काकांच्या सेटवरची चिकटपट्टी मी काढत नाही. त्यांनी स्वतः लाल शाईने त्यावर आकडा गिरवलाय, लांबूनही दिसेल एवढा मोठा.