प्रवासाच्या अ‍ॅक्सेसरीज: दिसायलाही भारी आणि कामालाही येणाऱ्या कशा निवडायच्या

प्रवासासाठी म्हणून ऑनलाइन इतकं काय काय विकायला असतं की सगळं घेतलं तर ते ठेवायलाच एक वेगळी बॅग लागेल. त्यामुळे काहीही घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, या वस्तूला दिवसातून किती वेळा हात लागणार? खांद्यावरची छोटी बॅग, गॉगल, स्टोल, बूट यांना सतत हात लागतो आणि फोटोतही हेच सगळं येतं, म्हणून पैसे इथे घाला आणि लुकचे लाडही इथेच करा. ज्याला दिवसातून एकदाच हात लागतो ते साधं असलं तरी चालतं, आणि जे "असू दे, लागलं तर" म्हणून घ्यावंसं वाटतंय ते बहुतेक वेळा घेऊच नये.

सुरुवात स्लिंग बॅगपासून, कारण ही सगळ्यात जास्त वापरली जाते आणि सगळ्यात घाईत घेतली जाते. फोटो बघून ऑर्डर करू नका, किंवा केलीत तर लेबल न काढता आधी घरी भरून बघा. पासपोर्ट साधारण १२.५ बाय ८.८ सेंटिमीटर असतो, तो आडवा-उभा न कोंबता सरळ आत जायला हवा, शिवाय फोन, गॉगलची केस, पॉवर बँक आणि टिश्यू. सगळं भरलं की पट्टा लावा आणि बुटाची लेस बांधायला खाली वाका, बॅग झुलून तोंडासमोर आली की समजायचं पट्टा लांब आहे आणि तो आखूड करायची सोय आहे का ते बघायचं. पट्टा तीन-चार सेंटिमीटर तरी रुंद हवा, ती सोनेरी साखळीवाली बॅग दिसते झकास पण पाण्याची बाटली टाकून दोन तास फिरलात की खांद्यावर वळ उठतात. आतलं अस्तर फिक्या रंगाचं असेल तर उत्तमच, काळ्या अस्तरात काळी केबल आणि किल्ली शोधत बसायचा वैताग कुणाला हवाय. आणि तोंडाला चेन हवीच, नुसतं मॅग्नेटचं झाकण गर्दीत काही कामाचं नाही. गर्दीत बॅग पुढे पोटावर घ्यायची आणि चेनचं टोक आपल्या अंगाच्या बाजूला येईल असं बघायचं, एवढ्यानेच बराच फरक पडतो.

चेनचा विषय निघालाच आहे तर. बहुतेक कापडी सुटकेसना जी नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन असते ती साध्या बॉलपेनने उघडते. पेनाचं टोक दातांच्या मध्ये दाबायचं, चेन फाकते, आणि मग कुलूप लावलेले दोन्ही रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले की ती पुन्हा बंद, काही झालंच नाही अशी! त्यामुळे चेनला लावलेलं छोटं कुलूप हे बॅग वाटेत आपोआप उघडू नये म्हणून आहे, चोर अडवायला नाही. ती लाल डायमंडच्या खुणेची टीएसए (अमेरिकेतली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) कुलुपं असतात त्यांचंही तेच, सुरक्षा तपासणीवाल्यांकडे त्यांच्या मास्टर किल्ल्या असतात, आणि त्या किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका अमेरिकन पेपरमध्ये छापून आला आणि २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवूनही दाखवल्या. अमेरिकेला जाताना ही कुलुपं लावायची ती एवढ्यासाठीच की तपासणीत कुलूप तोडलं जाऊ नये. दागिने, पैसे, औषधं, लॅपटॉप हे आपल्यासोबतच, चेक-इनच्या बॅगेत नाही.

गॉगलवर मात्र थोडं थांबायला हवं. काच जितकी काळी तितकं डोळ्याला संरक्षण जास्त, असं पुष्कळ जणांना वाटतं आणि ते चुकीचं आहे. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काचेला यूव्ही संरक्षण नसेल तर अतिनील किरण उलट जास्तच आत जातात, म्हणजे असा गॉगल न घातलेला बरा. लेबलवर "यूव्ही ४००" बघा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. पोलराइज्ड ही वेगळी गोष्ट आहे, ती पाण्यावरून, बर्फावरून, ओल्या रस्त्यावरून येणारी चमक कापते. समुद्रावर किंवा लांबच्या ड्रायव्हिंगला एक नंबर, पण त्याच काचेतून तिकीट मशिनचा किंवा गाडीतला स्क्रीन कधी कधी एकदम काळा दिसतो. दुकानात तपासायचं असेल तर गॉगल लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळा पडला तर खरंच पोलराइज्ड आहे. फ्रेम चेहऱ्याला शोभेल ती घ्या, फक्त बाजूने ऊन आत येत नाही ना ते बघा आणि मान खाली घालून हलवा, तिथेच घसरत असेल तर बोटीत नक्की पाण्यात जाणार. नंबरचा चष्मा असेल तर जुना का होईना एक जादा चष्मा सोबत, आणि नंबरच्या कागदाचा फोटो फोनमध्ये.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू, मोठा स्टोल. साधारण १८० बाय ७० सेंटिमीटरचा असला की विमानातल्या एसीत पांघरूण, उन्हात डोक्याला, जिथे खांदे झाकावे लागतात तिथे खांद्यावर, घडी करून उशी, आणि संध्याकाळी साध्या काळ्या टी-शर्टवर टाकला की कपडे बदलल्यासारखं वाटतं. पुरुषांनीही बिनधास्त घ्यावा, ग्रे किंवा गडद निळा कुणालाही चांगलाच दिसतो. कापड निवडताना दुकानातच मुठीत चुरगळून अर्धा मिनिट दाबून धरा आणि सोडा, सुरकुत्या तशाच राहिल्या तर ठेवून द्या कारण बॅगेत त्याचं हेच होणार आहे. मेरिनो लोकर पातळ असूनही ऊब देते आणि तिला लवकर वास येत नाही, त्यामुळे थंडीसाठी तीच, पण महाग पडते. सुती मऊ असतं पण भिजलं की वाळायला वेळ लागतो, मोडाल (लाकडाच्या लगद्यापासून बनलेलं मऊ कापड) अंगावर छान पडतं, सिल्क घसरतं. झालरी आणि गोंडे टाळा, ते चेनमध्ये अडकतात, बॅगच्या चाकात जातात, आणि ओढताना धागा निघाला की गेला स्टोल.

रंगांचंही इथेच सांगून टाकते. कपडे दोन शांत रंगांत ठेवा, म्हणजे काळा-ग्रे किंवा निळा-पांढरा असं काहीतरी, आणि तिसरा उठावदार रंग फक्त अ‍ॅक्सेसरीजमध्ये आणा, स्टोल, टोपी किंवा बॅगेचा पट्टा. मग काहीही कशावरही जातं आणि चार कपड्यांत आठवडा निघतो, फोटोत रोज वेगळंच दिसतं.

टोपीचं म्हणाल तर काठ सात-आठ सेंटिमीटर तरी रुंद हवा, नाहीतर मान आणि कान भाजून निघतात, बेसबॉल कॅपमध्ये तेच होतं. कापडाच्या टोपीवर "यूपीएफ ५०" लिहिलेलं असेल तर त्यातून साधारण पन्नासातला एकच भाग अतिनील किरण आत येतो. ती विणलेली गवताची टोपी फोटोत कितीही गोड दिसली तरी घडी घातली की मोडते, मग ती जाताना-येताना डोक्यावरच घालून बसावी लागते. गुंडाळता येणारी घ्या, आणि वाऱ्याच्या जागी हनुवटीखाली दोरी हवीच.

दागिने कमीत कमी, आणि जे हरवलं तर रडू येईल ते घरीच. नाजूक साखळी नेणार असाल तर ती स्ट्रॉमधून ओवा आणि बाहेर हुक लावून टाका, अजिबात गुंता होत नाही. कानातल्यांना गोळ्यांची छोटी डबी बेस्ट, एका कप्प्यात एक जोडी.

घड्याळावर "वॉटर रेझिस्टंट ३० मीटर" लिहिलंय म्हणून ते घालून कुणी पोहू नका. ते आकडे लॅबमधल्या दाबाचे असतात, ३० मीटरचा अर्थ हात धुताना पाणी उडालं तर चालेल एवढाच. पोहायचं असेल तर १०० मीटरवालं घ्या. दोन टाइमझोन दाखवणारं असेल तर घरी फोन करताना बरं पडतं, बाकी स्मार्टवॉच असेल तर तिच्या चार्जरची केबल वेगळी न्यावी लागते हे धरून चला.

पायांबद्दल दोनच गोष्टी. जड बूट पायात घालून निघायचं आणि हलके बॅगेत टाकायचे. आणि चार तासांपेक्षा लांबचा विमानप्रवास असेल तर १५ ते २० एमएमएचजीचे (हे दाबाचं माप) कॉम्प्रेशन मोजे, म्हणजे पायाला घट्ट धरणारे मोजे घ्या, बसून बसून पाय सुजतात ते कमी होतं, हल्ली ते दिसतातही बरे. रक्ताच्या गाठींचा त्रास, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ट्रॉली बॅग. इथे लोक रंग बघतात आणि वजन बघायला विसरतात. बऱ्याच एअरलाइन्समध्ये केबिन बॅगेची मर्यादा सात किलो असते, रिकामी बॅगच तीन किलोची निघाली तर तुमच्या सामानाला उरले चार, मग त्या सुंदर बॅगेचं काय करायचं? मापही आपल्या एअरलाइनच्या साइटवर बघूनच घ्या, ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर हे माप खूप ठिकाणी चालतं पण सगळीकडे नाही, आणि चाकं-हँडल धरून मोजतात. चार चाकांची गुळगुळीत फरशीवर नुसत्या बोटाने चालते, पण दगडी रस्ता किंवा खडी असेल तर दोन मोठ्या चाकांचीच बरी. कडक बॅगेत पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची घ्या, दाबलं की वाकतं आणि परत जागेवर येतं, स्वस्त एबीएस प्लास्टिक मात्र आपटलं की तडकतं. चकचकीत फिनिश पहिल्याच फ्लाइटमध्ये ओरखड्यांनी भरतं, त्यापेक्षा मॅट किंवा रेघांचं टेक्स्चर. हँडल पूर्ण वर ओढून डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखड करत असेल तर नको. बॅगेतच बॅटरी असलेली स्मार्ट बॅग घेणार असाल तर बॅटरी काढता येते का ते आधी बघा, २०१८ पासून अनेक एअरलाइन्स न काढता येणारी बॅटरी असलेली बॅग घेतच नाहीत.

काळ्या बॅगांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून हँडलला भडक रंगाचं कापड गुंडाळा. टॅगवर नाव आणि फोन, घरचा पत्ता उघडा नको. आत एक ब्लूटूथ ट्रॅकर टाकला तर छानच, अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला आणि त्यातली सीआर२०३२ बॅटरी साधारण वर्षभर चालते. फक्त हे समजून घ्या की त्यात जीपीएस नसतं, आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या फोनमधून त्याचा पत्ता लागतो, म्हणजे एअरपोर्टवर मस्त दिसेल आणि निर्मनुष्य डोंगरात काहीच नाही.

चार्जिंगचं सामान कुणाला दिसत नाही, पण चुकलं तर ट्रिपभर त्रास. पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये टाकायला परवानगी नसते. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची मंजुरी लागते, त्यावर नाहीच. हिशोब सोपा आहे, एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर झाली, आरामात बसते. वॉट-अवर पॉवर बँकेवर छापलेले असावेत, पुसट झाले असतील किंवा नसतीलच तर तपासणीत काढून घेऊ शकतात. विमानात ती वापरू द्यायची की नाही याचे नियम अलीकडे कडक होतायत, तिकीट काढलं की तेही वाचून घ्या.

अ‍ॅडाप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही! चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा, "१००-२४० व्होल्ट" असेल तर जगात कुठेही चालेल, फोन-लॅपटॉपचे जवळजवळ सगळे असतात. घोळ होतो तो हेअर स्ट्रेटनर आणि ड्रायरचा. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जगात बाकी बऱ्याच ठिकाणी २२० ते २४०, आणि एकाच व्होल्टेजचा ड्रायर चुकीच्या ठिकाणी लावला की एकतर धड गरम होत नाही नाहीतर जळतो. ड्युअल व्होल्टेजचा घ्या, किंवा हॉटेलातला वापरा.

काय घेऊ नये तेही सांगते. कार्डचोरीच्या भीतीने खास आरएफआयडी पाकीट (कार्डाचा रेडिओ सिग्नल अडवणारं) नको, कॉन्टॅक्टलेस कार्ड जेमतेम काही सेंटिमीटरवरून वाचलं जातं, आपल्याला आवडलेलं पाकीट तसं असेल तर ठीक, पण त्यासाठी जादा पैसे नाही. जाड लेदरचं पासपोर्ट कव्हर काउंटरवर दर वेळी काढायला लावतात. पॅकिंग क्यूबमुळे (कपडे भरायच्या छोट्या चेनवाल्या पिशव्या) बॅग नीट लागते, पण वजन ग्रॅमभरही कमी होत नाही, उलट जागा उरली म्हणून आपण आणखी भरतो. मानेची उशी घ्यायचीच असेल तर फुगवायची घ्या आणि झोप लागत नसेल तर उलटी घालून बघा, जाड भाग हनुवटीखाली, बहुतेकांची मान पुढेच पडते.

खरेदीचा क्रमही महत्त्वाचा. बूट सगळ्यात आधी, निघायच्या दोन-तीन आठवडे तरी, म्हणजे ते पायाला सरावतात. मग गॉगल, स्टोल, स्लिंग बॅग. आणि ट्रॉली सगळ्यात शेवटी, न्यायचं सगळं पलंगावर मांडून झालं की मग. किती मोठी लागणार ते तेव्हाच कळतं. घरी आणली की सगळं भरा, वजनकाट्यावर ठेवा, जिना चढून-उतरून बघा, आणि हे होईपर्यंत लेबल कापू नका, म्हणजे नाही जमली तर परत करता येते.