सूचौमध्ये बिऱ्हाड मांडताना

कंपनी बोलावते एकालाच, पण बिऱ्हाड सगळ्यांचं हलतं. चीनमधल्या सूचौ शहराच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेल्या माणसाला ऑफिसात कुणीतरी इंग्रजी बोलणारं भेटतं. भाजी, शाळा, डॉक्टर हे मात्र घरी राहणाऱ्याच्या वाट्याला येतं. मी त्या दुसऱ्या गटातली, म्हणून हे त्याच गटासाठी.

कागद आधी. नोकरदाराच्या कुटुंबाला सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर एस-1 व्हिसा लागतो. त्यावर नोकरी करता येत नाही. पोचल्यावर 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज आणि घरात राहायला गेल्यावर 24 तासांत पोलिसांकडे नोंद. हॉटेलात असाल तर ही नोंद हॉटेलच करतं. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला भारतातूनच प्रमाणित करून न्या. तिथे बसून ते काम करवून घेणं म्हणजे नुसता मनस्ताप.

मग फोन. नवऱ्याच्या मोबाईलवरून पैसे भरायची सवय लावून घेतलीत, तर तो कामावर गेला की तुम्ही घरात अडकलात. स्वतःच्या पासपोर्टवर सिम घ्या, अलीपे आणि वीचॅट ही पैसे भरायची ॲप स्वतःच्या नावाने सुरू करा, वीचॅटवर बोलणंही होतं. दोन्हींना परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडता येतं. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्याहून मोठ्या खरेदीला 3 टक्के. तिथल्या इंटरनेटवर व्हॉट्सॲप चालत नाही आणि वीचॅटवर भारतात 2020 पासून बंदी, त्यामुळे आईशी बोलायचं कसं हे निघण्याआधीच ठरवा. भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवलं की निदान व्हॉट्सॲप मिळतं.

मंडईत भाव बहुधा जिनचा, म्हणजे अर्ध्या किलोचा असतो. दुधी, कारलं, मूग, कोथिंबीर मिळते. तूरडाळ आणि गोडा मसाला सामानात घाला. बाहेर शाकाहारी जेवण शोधायचं तर बौद्ध मंदिरांकडे वळा. शीयुआन मंदिरातल्या शाकाहारी नूडल्ससाठी तिथलेच लोक रांग लावतात.

फिरायला चिंची तलाव हाताशी. काठाने सलग पायवाट, मुलांना सायकल चालवायला जागा आणि समोर 'पूर्वेचं द्वार' नावाची तीनशे मीटर उंच इमारत, जिला गावकरी सरळ लांब चड्डी म्हणतात! मुलांना हे कळलं की तिकडे न्यायला वेगळं आमिष लागत नाही. वास्तुकार आय. एम. पेई यांनी रचलेलं सूचौ संग्रहालय 2006 पासून जुन्या शहरात आहे. प्रवेश फुकट, पण वेळ आधी नोंदवावी लागते आणि सोमवारी ते बंद. जुन्या बागांपैकी च्वोचंग युआन सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणूनच गर्दीची. लहान मुलं बरोबर असतील तर मला छोटी वांगशी युआन जास्त आवडते, अर्ध्या तासात बघून होते आणि कुणी हरवत नाही. कालव्यांचं थोंगली गाव मेट्रोच्या 4 नंबरच्या मार्गावरच आहे, स्टेशनवरून पुढे बस. पासपोर्ट नेहमी जवळ ठेवा. रेल्वेचं तिकीट त्याच्यावरच, बागांचंही बहुधा त्याच्यावरच.

हवेचं कुणी आधी सांगत नाही. जून-जुलैत पावसाची झड लागते आणि कपडे कोकणातल्यासारखे दमट राहतात. हिवाळा मात्र आपल्या ओळखीचा नाही. सूचौ ह्वाय नदीच्या दक्षिणेला आहे आणि तिकडे घरांना सरकारी हीटिंग नसतं, त्यामुळे थंडी घरातही बोचते. मुलाला जरा कमी कपडे घातलेले दिसले की बागेतल्या अनोळखी आज्याही तुम्हाला रागावतात. हसून मान डोलवायची.

1 ऑक्टोबरच्या, म्हणजे चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात आणि चिनी नववर्षाला कुठेही जाऊ नका. बागांत पाय ठेवायला जागा नसते. त्या मोठ्या सुट्ट्यांच्या बदल्यात सरकार काही शनिवार-रविवार कामाचे ठरवतं. त्या दिवशी चिनी मुलं शाळेत आणि आईबाप ऑफिसात असतात. आंतरराष्ट्रीय शाळेला तेव्हा सुट्टी असली, तर च्वोचंग युआनला तेव्हाच जा, तेही सकाळी दार उघडताना.