छर्रे डबा बघून नव्हे, कागद बघून निवडा

एअर रायफल नवी आली की पहिला प्रश्न, छर्रे कुठले? महागडा डबा आणायची घाई नको. दहा मीटरवरच्या नेमबाजीसाठी सपाट तोंडाचा, साधारण 0.53 ग्रॅमचा छर्रा बरा, 0.45 वाले हलके बहुतेक पिस्तूलवाले वापरतात. खरी मेख छर्ऱ्याच्या डोक्याच्या व्यासात. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असे मिलिमीटरमधले आकडे असतात. यातला कुठला मानवेल, ते तुमची नळीच सांगणार.

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि प्रत्येक आकड्याचे पाच-पाच बार कागदावर काढा. डबा बदलला की पहिले दहा-पंधरा छर्रे मी हिशेबात धरतच नाही. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग भोकांचा झुबका बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजून 4.5 मिमी वजा करायचे. एक झुबका सुरेख आला म्हणून हुरळू नका, निदान चार तरी बघा. निशाणाच्या मधोमधचा, दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो!

फोंड्याच्या पावसात डबा घट्ट बंद ठेवा. माझा एक चवथीच्या गडबडीत उघडा राहिला, नंतर बघतो तर छर्ऱ्यांवर पांढरी बुकटी. फेकून दिला. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भजीला हात लावू नका.

आणि हो, माडावरचा शेकरू कितीही शहाळी पोखरो, त्याच्यावर नेम धरायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.