टाको डिप: सात थर, वीस मिनिटं

फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रविवारी टेक्सासमधल्या घरांत टीव्हीसमोर काचेचं पसरट भांडं मांडलेलं हमखास दिसतं. त्यात हे डिप, म्हणजे मक्याच्या टॉर्टिया चिप्स बुडवून खायचं घट्ट तोंडीलावणं. गॅस पेटवायचा नाही, नुसते थरावर थर द्यायचे. बिघडतं ते एकाच गोष्टीने, पाण्याने. मी पहिल्यांदा केलं तेव्हा टोमॅटो चिरले आणि तसेच वर पसरले. अर्ध्या तासात भांड्याच्या कडेने लालसर तळं झालं.

म्हणून सुरुवात टोमॅटोपासूनच. तीन घट्ट टोमॅटोंच्या फोडी करून आतला बियांचा गर अंगठ्याने काढून टाका. बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावा आणि गाळणीत निथळत ठेवा.

आता ९ बाय १३ इंचांचं भांडं घ्या. बारा-पंधरा जणांना पुरतं. तळाला रिफ्राइड बीन्स, म्हणजे शिजवून घोटलेल्या पिंटो बीन्स. साधारण ४५० ग्रॅमचे दोन डबे. शाकाहारी मंडळी येणार असतील तर डब्यावरची बारीक अक्षरं जरूर वाचा. पारंपरिक प्रकारात डुकराची चरबी असते, शाकाहारी डबा वेगळा मिळतो. डब्यातून हा ऐवज घट्ट गोळा होऊनच बाहेर पडतो. तसाच थापलात तर चिप त्यात रुतून मोडणार. तीन-चार चमचे सालसा (टोमॅटो-मिरचीची मेक्सिकन चटणी) घालून फेटा, श्रीखंडाइतका मऊ झाला की पसरा.

त्यावर तीन पिकलेले अ‍ॅव्होकाडो, एका लिंबाचा रस, मीठ आणि कोथिंबीर घालून काट्याने कुस्करलेलं ग्वाकामोले. मिक्सर नको, थोड्या गुठळ्या राहिलेल्या बऱ्या. अ‍ॅव्होकाडोला हवा लागली की तो काळवंडतो. त्याचा उपाय पुढच्या थरात आहे: ४५० ग्रॅम सावर क्रीममध्ये (आंबवलेलं घट्ट क्रीम) टाको मसाल्याचं एक पाकीट मिसळा आणि ते ग्वाकामोलेवर थेट कडेपर्यंत न्या, हिरवं कुठेही उघडं दिसता कामा नये. एकदम ओतू नका. चमच्या-चमच्याने ठिपके टाकून चमच्याच्या पाठीने हलकेच जोडत जा, नाहीतर खालचा थर वर येतो.

पाकीट नसेल तर एक चमचा तिखट, दीड चमचा जिरेपूड, अर्धा-अर्धा चमचा लसूण पावडर आणि ओरेगॅनो, चवीला मीठ. जिऱ्यामुळेच तर ही चव आपल्याला परकी वाटत नाही.

मग दोन कप किसलेलं चेडर चीज. इथपर्यंत आदल्या रात्री करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतं. निथळलेले टोमॅटो, पातीचा कांदा आणि काळ्या ऑलिव्हच्या चकत्या मात्र पाहुणे आल्यावरच.

पुण्या-मुंबईत करायचं तर राजमा मऊ शिजवून, कांदा-लसणावर परतून घोटा. सावर क्रीमच्या जागी चक्का चालतो, फक्त पुरता निथळलेला हवा.

बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आणि टॉर्टिया चिप्स जाड बघून घ्या. पातळ चिप बीन्सपर्यंत पोचतच नाही, आणि तिचे तुकडे काढायला लोक डिपमध्ये बोटं घालतात.